लोकसभेआधीचे आरोप-प्रत्यारोप: कोणत्या तक्रारीची काळजी करावी?

धायरीहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “२०२४ च्या लोकसभेआधी आमच्या घरच्या ग्रुपवर काका आणि आत्या इतके भांडले की त्या वर्षी गणपतीला आत्या आलीच नाही. आत्या म्हणते, विरोधकांना धड लढू देत नाहीत, याद्यांत घोळ आहे, तपास यंत्रणा मागे लावल्यात. काका म्हणतात, हार दिसायला लागली की विरोधक अशीच रड काढतात. पुढच्या लोकसभेआधी हेच पुन्हा होणार. खरं कोण बोलतंय? हे नेहमीचंच आहे की खरंच काही बिघडलंय? मी राजकारणातली नाही, मला कसं कळावं?”

ताई, तुम्ही ‘खरं कोण बोलतंय’ असं विचारलंत, पण तुमची अडचण मला वेगळी दिसते. निवडणूक जवळ आली की रोज पाच-दहा आरोप कानावर पडतात आणि सगळे सारख्याच तावातावाने केलेले असतात. एखाद्या नेत्याने दुसऱ्याला काय शिवी घातली, हेही तेवढ्याच जोरात आणि मतदार यादीतून नावं गेली, हेही तेवढ्याच जोरात. त्यातला कोणता आरोप तुमच्या मतावर खरोखर परिणाम करू शकतो आणि कोणता आठवड्याभरात विरून जाणार, हे वेगळं काढता येत नाही म्हणून जीव घाबरा होतो. त्यामुळे मी काका की आत्या असा निवाडा देणार नाही. आरोप चाळायचे कसे, ते सांगते.

मी महसूल खात्यात होते. नोकरीचा बराच काळ पुणे जिल्ह्यात गेला आणि त्यातला मोठा भाग निवडणुकीच्या कामात: याद्यांचं पुनरीक्षण, केंद्रांची आखणी, पक्षांच्या प्रतिनिधींच्या बैठका, कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणं, मतमोजणी. टेबलाच्या या बाजूला बसून सगळ्या रंगांच्या लोकांच्या तक्रारी घेतल्या. सरकारं बदलली की तक्रार करणारे आणि उत्तर देणारे आपापल्या खुर्च्या बदलत. वाक्यं बरीचशी तीच राहत.

आधी तुमच्या ‘नेहमीचंच आहे का’ या प्रश्नाकडे वळते. वैर, कडवट भाषा, मोर्चे, सभात्याग हे सगळं नेहमीचंच आहे आणि पुण्याने ते भरपूर पाहिलंय. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर हे शहर इतकं पेटलेलं होतं की काकासाहेब गाडगीळांसारखा मोठा काँग्रेस नेता इथे समाजवादी नानासाहेब गोऱ्यांकडून हरला. १९६७ ला समाजवादी नेते एस. एम. जोशी इथूनच लोकसभेत गेले. आणि १९७७ तर त्याहून कितीतरी गंभीर. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली, विरोधी पक्षांची माणसं येरवड्यात डांबली गेली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, लोकसभेची मुदतही वाढवून घेतली गेली. १८ जानेवारी १९७७ ला निवडणूक जाहीर झाली आणि मार्चमध्ये मतदान झालं. पुण्यातून मोहन धारिया विरोधकांकडून निवडून आले. हेच धारिया आधी इंदिरा गांधींच्या सरकारात मंत्री होते, मतभेद झाल्यावर त्यांना मंत्रिमंडळातून जावं लागलं आणि आणीबाणीत तुरुंगात राहावं लागलं. त्या निवडणुकीत केंद्रातलं सरकार पडलं.

हे एवढं सांगण्याचं कारण असं की तणाव किती आहे यावरून निवडणूक किती बिघडली हे मोजता येत नाही. १९७७ च्या आधीचा तणाव आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त होता. तरीही ज्या दिवशी मतं पडली आणि मोजली गेली, त्या दिवशी ती पडली तशी मोजली गेली आणि हरलेल्या सरकारने ते मान्य केलं. म्हणून आवाजाच्या पट्टीकडे दुर्लक्ष करा. यादी, यंत्र, मोजणी आणि या सगळ्यावर देखरेख ठेवणारी माणसं, यांना कोणी हात लावतंय का, तिकडे लक्ष ठेवा.

भूमिका कशा बदलतात, याचंही एक उदाहरण देते, कारण तुमच्या काका-आत्या दोघांनाही ते उपयोगी पडेल. २०१० च्या हिवाळी अधिवेशनात भाजप विरोधात होता. टू-जी स्पेक्ट्रम वाटपाच्या प्रकरणी संयुक्त संसदीय समितीची मागणी करत त्यांनी जवळपास अख्खं अधिवेशन चालू दिलं नाही. २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात काँग्रेस आणि इतर विरोधकांनी अदानी प्रकरणी तीच समिती मागितली आणि पुन्हा कामकाज बंद पडलं. मतदान यंत्रांचंही तसंच. २००९ च्या पराभवानंतर यंत्रांवर सगळ्यात मोठ्याने शंका घेणाऱ्यांत भाजपचे नेते होते. पण त्या शंकेतून एक फार चांगली गोष्ट झाली. ती न्यायालयात गेली. सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतपावतीची व्यवस्था टप्प्याटप्प्याने आणायला सांगितलं. आज बटण दाबल्यावर काचेआड सात सेकंद जी चिठ्ठी दिसते, ती त्या संशयामुळे मिळाली. २०१९ मध्ये न्यायालयाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून पडताळायला लावल्या, तेही विरोधी पक्षांच्या याचिकेवरच. विरोधकांनी शंका घेणं हे लोकशाहीच्या विरोधात आहे, असं कोणी म्हणालं की मला ही चिठ्ठी आठवते.

म्हणून माझी पहिली कसोटी अशी: आरोप करणारा तो कुठे घेऊन गेला? माईकसमोर केला आणि तिथेच सोडला, की लेखी दिला, पोच घेतली, अपील केलं, कोर्टात गेला? दुसरी कसोटी वेळेची. निवडणुकीच्या प्रत्येक टप्प्यावर हरकत घ्यायची एक मुदत असते. मुदतीत उठवलेला मुद्दा आणि निकालानंतर आठवलेला मुद्दा, यांचं वजन सारखं धरू नका. आणि तिसरी कसोटी समोरच्यासाठी: उत्तर देणाऱ्याने कागद दाखवला की नुसता टोमणा मारला?

या कसोट्या दोन्ही बाजूंना सारख्या लावायच्या, पण जबाबदारी दोन्ही बाजूंची सारखी नसते. याबाबत माझं मत ठाम आहे. सोसायटीच्या निवडणुकीत रजिस्टर, चाव्या आणि नोटीस बोर्ड मावळत्या कमिटीकडे असतात, म्हणून हिशोब दाखवण्याची पहिली जबाबदारीही तिचीच असते. देशाच्या निवडणुकीत पोलीस, तपास यंत्रणा, जाहिरातीचा पैसा, उद्घाटनं, बदल्या हे सगळं सरकारच्या हातात असतं. विरोधकांच्या हातात फार तर घोषणा असते. त्यामुळे सरकारवर शंका घेतली गेली की ‘पुरावा द्या’ म्हणण्याआधी सरकारने स्वतःचं दप्तर उघडं केलं पाहिजे. सरकार कोणत्याही पक्षाचं असो.

आचारसंहितेचं बघा. निवडणूक जाहीर होते त्या क्षणापासून ती लागू होते, त्याआधी नाही. २०२४ ला ती १६ मार्चला लागली. त्याआधी ६ मार्चला रुबी हॉल ते रामवाडी मेट्रोचं आणि १० मार्चला लोहगाव विमानतळाच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीने केलं. त्या टर्मिनलमधून प्रवासी प्रत्यक्षात जायला लागले ते जुलैमध्ये. यात बेकायदेशीर काही नाही. मी पाहिलेल्या प्रत्येक सरकारने आचारसंहितेच्या आधीचे दिवस असेच वापरले, आणि आमच्याकडे त्या काळात फायलींची जी धावपळ असे ती कोणत्याही पक्षाच्या राजवटीत कमी नव्हती. विरोधकांनी यावर टीका करावी, ती रास्तच आहे. पण ‘निवडणूक लुटली’ या यादीत हे घालू नये. मेट्रो कोणी कधी सुरू केली हे मतदाराला दिसतं आणि त्याचं काय करायचं ते तो ठरवतो.

तपास यंत्रणांचं तसं नाही. तिथे मी आत्याच्या बाजूने जास्त झुकते. ३१ जानेवारी २०२४ ला हेमंत सोरेन आणि निवडणूक जाहीर झाल्यावर २१ मार्चला अरविंद केजरीवाल यांना सक्तवसुली संचालनालयाने (ईडीने) अटक केली. केजरीवालांना प्रचारासाठी सर्वोच्च न्यायालयाने १० मे रोजी अंतरिम जामीन दिला. ‘कर नाही त्याला डर कशाला’, हे काकांचं वाक्य इथे पुरत नाही. गुन्हा कधीचा, चौकशी कधीपासून सुरू, आणि अटकेची निकड नेमकी त्याच महिन्यात का, हे तीन प्रश्न विचारायचे आणि जामिनाच्या आदेशात न्यायालयाने काय म्हटलंय ते वाचायचं. आत्यांनीही एक लक्षात ठेवावं. २०१३ मध्ये, काँग्रेस आघाडीचं सरकार असताना, कोळसा खाणींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयला ‘पिंजऱ्यातला पोपट’ म्हटलं होतं. पिंजरा तेव्हाही होता. सत्ता बदलली म्हणून कोणी त्याचं दार उघडलं नाही.

आता पुण्याचंच एक प्रकरण घेते, कारण वरच्या तिन्ही कसोट्या त्यात लागू होतात आणि ते तुमच्या स्वतःच्या शहरात घडलंय.

२९ मार्च २०२३ ला पुण्याचे भाजप खासदार गिरीश बापट गेले. त्याच महिन्यात, २ तारखेला, कसबा विधानसभेच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला होता आणि भाजपचा वर्षानुवर्षांचा बालेकिल्ला रवींद्र धंगेकरांनी काँग्रेसकडे ओढला होता. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ नुसार रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची असते. अपवाद दोनच: उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल, किंवा निवडणूक घेणं अवघड आहे असं निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केलं असेल. बापटांच्या जागेची मुदत जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे वर्षाहून जास्त. तरी पोटनिवडणूक झाली नाही. आयोगाचं म्हणणं असं की यंत्रणा इतर निवडणुकांत आणि २०२४ च्या तयारीत गुंतली आहे, आणि निवडून येणाऱ्याला फार थोडे दिवस मिळतील.

शहरात काय बोललं गेलं ते तुम्हाला आठवत असेल. विरोधक म्हणाले, कसब्यानंतर भाजप घाबरला. सत्ताधारी म्हणाले, निर्णय आयोगाचा आहे, आमचा संबंध नाही. महिनोन्महिने हे वाक्यांचं खेळणं चाललं. न्यायालयात कोण गेलं? पुण्यातला एक साधा मतदार. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाची कारणं फेटाळली आणि पोटनिवडणूक तातडीने घ्यायला सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, कारण तोवर सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती. परिणाम असा की देशातल्या एवढ्या मोठ्या शहराला वर्षभराहून जास्त काळ खासदारच नव्हता.

यातून मी काय घेते? भाजप घाबरला होता का, हे सिद्ध करता येत नाही, म्हणून त्यावर भांडण्यात अर्थ नाही. पण कायद्याने ठरवलेली मुदत पाळली गेली नाही आणि दिलेली कारणं उच्च न्यायालयाला पटली नाहीत, हे कागदावर आहे. ही तक्रार खरी होती आणि गंभीर होती. विरोधी पक्षांना ती एवढी महत्त्वाची वाटत होती तर ऑक्टोबर उजाडायच्या आत, सहा महिने संपताक्षणी, त्यांनी स्वतः याचिका टाकायला हवी होती. एका नागरिकाने जे काम केलं ते पक्षाच्या कायदा विभागाचं होतं. हे मला आजही लागतं.

आयोगाच्या नेमणुकीबद्दलही इथेच सांगते. २ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटलं की संसद कायदा करेपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या शिफारशीवरून आयुक्त नेमावेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी निवडलेला केंद्रीय मंत्री आला. तिघांत दोघं सरकारचे. ही रचना चुकीची आहे असं मला वाटतं. नेमलेली माणसं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण अंगणवाडी सेविका, शिक्षक, तलाठी हे उन्हातान्हात फिरून जी यादी बनवतात आणि रात्री उशिरापर्यंत जागून जे साहित्य जमा करतात, त्यांच्या प्रामाणिक कामावर वरच्या नेमणुकीमुळे शंका घेतली जाते. त्या माणसांचं हे नुकसान भरून निघत नाही.

आता मतदार यादी. आरोपांमधला हा सगळ्यात मोठा भाग, आणि माझ्या कामाचाही.

पुण्यासारख्या शहरात यादीत दुबार नावं असतात. ती असणारच, आणि त्यासाठी कट लागत नाही. साताऱ्याहून आलेला मुलगा शिकायला कोथरूडला राहतो, नोकरी हिंजवडीत लागते, लग्नानंतर वाघोलीत फ्लॅट घेतो. प्रत्येक ठिकाणी तो नवीन नावनोंदणीचा सहा नंबरचा अर्ज भरतो. खरं म्हणजे पत्ता बदलला की आठ नंबरचा भरायचा असतो, म्हणजे जुन्या ठिकाणचं नाव निघतं. लोकांना हे माहीत नसतं, आणि गावाकडचं नाव काढायला मन धजत नाही. भाड्याची घरं बदलतात, माणसं वारतात आणि घरचे कळवत नाहीत. केंद्रस्तरीय अधिकारी, ज्याला आपण बीएलओ म्हणतो, तो सोसायटीच्या गेटवर जातो तर वॉचमन आत सोडत नाही. उलट बाजूने, बीएलओने ‘स्थलांतरित’ असा शेरा मारला आणि माणूस तिथेच राहत असला तर त्याचं नाव गळतं, आणि हे त्याला मतदानाच्या दिवशी कळतं. हा अन्याय मोठा आहे. तो चुकून झाला असला तरी मोठाच आहे.

मग घोळ आणि घोटाळा यांत फरक कसा करायचा? एकूण आकड्यावरून कधीच नाही. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात सुमारे ९.३ कोटी मतदार होते, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधल्या विधानसभेला सुमारे ९.७ कोटी. फेब्रुवारी २०२५ मध्ये राहुल गांधी, सुप्रिया सुळे आणि संजय राऊत यांनी दिल्लीत एकत्र पत्रकार परिषद घेऊन या वाढीवर प्रश्न उभे केले. प्रश्न योग्य होता. पण त्याचं उत्तर राज्याच्या बेरजेत सापडत नाही, ते यादीभागात सापडतं. एखाद्या यादीभागात, म्हणजे एका केंद्राच्या यादीत, एकाच घर क्रमांकावर अचानक खूप नावं आली का? एकाच माणसाने गठ्ठ्याने सात नंबरचे, म्हणजे नाव वगळण्याचे अर्ज दिले का? ज्यांची नावं वगळली त्यांना नोटीस पोचली का? वाढ नव्या वस्तीत आहे की पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या भागात? वाघोलीत मतदार वाढले तर मला आश्चर्य वाटणार नाही. सदाशिव पेठेत एकदम वाढले तर मी दप्तर मागवीन.

आणि हे तपासायला मुदत असते. प्रारूप, म्हणजे कच्ची यादी लागते, दावे-हरकती मागवल्या जातात, मान्यताप्राप्त पक्षांना याद्या फुकट मिळतात. मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिलं अपील, मग राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की यादीत कोणालाच काही करता येत नाही. ही तारीख पक्षांना माहीत असते. तरी माझ्या अनुभवात दावे-हरकतींच्या बैठकीला पक्षाकडून असा एखादा मुलगा यायचा ज्याला आपल्या प्रभागातले यादीभाग किती हेही ठाऊक नसायचं. इतिवृत्तावर सही करून, चहा घेऊन तो जायचा. प्रत्येक केंद्रासाठी पक्षाला स्वतःचा प्रतिनिधी नेमता येतो, तो बीएलओबरोबर फिरू शकतो. त्या रकान्यात कित्येक पक्षांची जागा कोरी असायची. निकालानंतर यादीवर बोलणाऱ्या पक्षाला पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे: तुमचा यादीवरचा माणूस कोण होता?

पण इथे आयोगालाही सोडू नये. याद्या चित्ररूपात दिल्या जातात, त्यात संगणकावर शोध घेता येत नाही. हजारो पानं माणसाने डोळ्यांनी वाचायची. शोधता येईल अशी यादी द्या, या काँग्रेसच्या मागणीला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नकार दिला, आयोगाने मतदारांच्या माहितीच्या सुरक्षिततेचं कारण दिलं. कायद्याच्या दृष्टीने विषय तिथे संपला असेल, माझ्या दृष्टीने नाही. हरकत घ्या म्हणायचं आणि हरकत शोधता येणार नाही अशा रूपात कागद द्यायचा, हे बरोबर नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून केंद्रावरच्या सीसीटीव्ही चित्रीकरणासारखे इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज लोकांना पाहायला मिळण्यातून वगळले, तेही मला पटलेलं नाही. जिथे लपवण्यासारखं काही नसतं तिथे झाकण घातलं की संशयच वाढतो. मी ज्या खात्यात आयुष्य काढलं त्या खात्याबद्दल हे लिहिताना वाईट वाटतं, पण लिहायला हवं.

मतदानाच्या दिवसाबद्दल मात्र मी बरीच निश्चिंत आहे, आणि त्याचं कारण केंद्रावर बसणारे पक्षांचेच प्रतिनिधी. मतदान सुरू व्हायच्या आधी त्यांच्यासमोर किमान ५० मतांचं अभिरूप, म्हणजे चाचणीचं मतदान होतं, निकाल जुळवला जातो, तो पुसला जातो, मग यंत्र मोहोरबंद होतं आणि मोहरेवर प्रतिनिधींच्या सह्या असतात. संध्याकाळी केंद्राध्यक्ष नमुना १७-सी भरतो. त्या यंत्रात एकूण किती मतं पडली याचा तो हिशोब असतो आणि हजर प्रतिनिधीला त्याची प्रत मिळते. मोजणीच्या दिवशी, पुण्यात ती कोरेगाव पार्कच्या धान्य गोदामात होते, यंत्रावरचा आकडा आणि हातातला १७-सी जुळवून बघायचा. जुळला नाही तर तिथल्या तिथे लेखी हरकत. हा एक कागद सांभाळला तर मधल्या दिवसांत मतं वाढवली-घटवली हा आरोप लगेच सिद्ध तरी होतो किंवा मिटतो तरी.

२०२४ ला टक्केवारीवरून जो गोंधळ झाला तोही यामुळे समजेल. दिवसभर दर दोन तासांनी जे आकडे तेव्हा येत ते क्षेत्रीय अधिकाऱ्यांनी फोनवरून गोळा केलेले असत, अंदाजाचे. सहा वाजता रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या देऊन त्यांचं मतदान नंतर चालू राहतं. म्हणून रात्रीचा आकडा संध्याकाळच्यापेक्षा मोठा असतो, यात काळंबेरं नाही. पण १९ एप्रिलच्या पहिल्या टप्प्याची अंतिम टक्केवारी ३० एप्रिलला आली आणि प्रत्यक्ष मतसंख्या मे महिना संपत आल्यावर. १७-सी त्याच रात्री तयार असतो, मग एवढा उशीर का, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालं नाही. मतं खरी होती असं मी मानते. आकडे वेळेवर न दिल्यामुळे ती खोटी वाटली, आणि याचा दोष आकडे दडपून ठेवणाऱ्यांचा, विचारणाऱ्यांचा नाही.

संसदेबद्दल थोडंच. डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले. संसदेच्या सुरक्षेतल्या त्रुटीवर गृहमंत्र्यांनी निवेदन करावं, ही त्यांची मागणी होती. पुणे जिल्ह्यातल्या बारामती आणि शिरूरचे खासदारही त्यात होते. फलक घेऊन हौद्यात उतरणं नियमात बसत नाही, हे खरं. पण ज्या सभागृहात विरोधक जवळपास उरलेच नाहीत तिथे फौजदारी कायद्यांसारखे मोठे कायदे मंजूर झाले, आणि निवडणूक आयुक्तांच्या नेमणुकीचा वर सांगितलेला कायदाही त्याच अधिवेशनातला. निवडणुकीआधी विरोधकांचा सभागृहातला आवाज गेला की तो रस्त्यावर येतो, आणि मग आपण म्हणतो भाषा किती घसरली.

इथपर्यंतचं एकत्र करून सांगायचं तर: शिवीगाळ, उद्घाटनं, संध्याकाळ-रात्रीच्या टक्केवारीतला फरक, यांची फार काळजी करू नका. ऐन निवडणुकीतल्या अटका, आयोगाच्या नेमणुका, मुदती न पाळणं आणि नोंदी झाकणं, यांची करा. यादीची काळजी स्वतः घ्या. हे परिस्थितीनुसार बदलतंही. केंद्रात आणि राज्यात वेगवेगळ्या पक्षांची सरकारं असली तर पोलीस एकाकडे आणि केंद्रीय यंत्रणा दुसऱ्याकडे, तेव्हा दोघांवरही नजर हवी. अटीतटीच्या मतदारसंघात दोन-चार हजार नावांचा घोळ निकाल फिरवू शकतो. लाखभराच्या फरकाने जागा गेली असेल तर तोच घोळ अन्याय म्हणून तेवढाच राहतो, पण निकालाचं कारण होत नाही.

काका आणि आत्यांसाठी एक सुचवते. पुढच्या वेळी ग्रुपवर आरोप आला की त्याखाली फक्त विचारा, ‘ही तक्रार कुठे दिली, पोच आहे का, उत्तर काय आलं?’ काकांनी हे विरोधकांच्या आरोपाला विचारावं, तसंच सरकार जेव्हा विरोधकांवर आरोप करतं तेव्हाही विचारावं. आत्यांना सांगा, त्यांच्या पक्षाला केंद्रावर बसायला माणसं कमी पडतात, त्यांनी एक दिवस मतदान प्रतिनिधी म्हणून बसावं. सकाळच्या अभिरूप मतदानापासून १७-सी हातात पडेपर्यंत. तिथे काकांच्या पक्षाचाही कोणी शेजारीच बसलेला असतो आणि दुपारपर्यंत दोघं एकाच डब्यातलं खातात, हे मी कितीतरी केंद्रांवर पाहिलंय.

आणि तुम्ही स्वतः. प्रारूप यादी लागली की तुमचं आणि घरच्यांचं नाव ऑनलाइन शोधा, यादीभाग आणि अनुक्रमांक लिहून ठेवा. ओळखपत्र घरात आहे म्हणजे नाव यादीत आहे, असं धरू नका. मतदान यादीवर होतं. धायरीला राहायला येण्याआधी नाव दुसरीकडे असेल तर आठ नंबरचा अर्ज भरा. नाव नसेल तर उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत नोंदणीचा अर्ज गेला पाहिजे, नंतर अधिकारी कितीही चांगला असला तरी त्याचे हात बांधलेले असतात. कोणी तुमचं नाव वगळायचा अर्ज दिला तर नोटीस येते, ती टाळू नका, सुनावणीला जा. खोटी माहिती देऊन असा अर्ज करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हेही तिथे सांगा. प्रचारात पैसे, दारू, धर्माच्या नावाने मत मागणं असं काही डोळ्यांसमोर घडलं तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर फोटो किंवा व्हिडिओ टाका, त्यावर शंभर मिनिटांत कार्यवाही अपेक्षित असते आणि तक्रारीला क्रमांक मिळतो. तो क्रमांक जपून ठेवा आणि ग्रुपवर टाकायचंच असेल तर तो टाका.

तुमच्या सोसायटीत बीएलओ आला की त्याला गेटवर थांबवू नका, हे मात्र कमिटीला आजच सांगून ठेवा.